मॉडर्न आर्ट बघताना नेमकं बघायचं काय? (हसू नका, खरंच विचारतोय)

हिशोबनीस | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी सोलापूरला अक्कलकोट रोडवर एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, दिवसभर डेबिट-क्रेडिट, चित्राशी संबंध कॅलेंडरापुरता. पोरगी दहावीला आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, आणि आता तिच्या डोक्यात मुंबईचं जे. जे. (आर्ट स्कूल) शिरलंय. दिवाळीच्या सुट्टीत हट्टच धरला म्हणून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला गेलो, सकाळी सीएसएमटीला उतरून वडापाव खाऊन थेट काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी बघितली (फुकट आहे, हे बरंय), तिथून चालत पाच मिनिटांवर एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट.

तिथं गाडी अडली. गायतोंडे नावाच्या चित्रकाराचं एक मोठं चित्र होतं. चित्र म्हणजे काय, तर वरपासून खालपर्यंत पिवळट-मातकट एकच रंग आणि मधे कुठंकुठं ओल आल्यासारखं काहीतरी. खाली पाटीवर लिहिलेलं 'शीर्षकहीन'. मी एका मिनिटात बघून संपवलं, पाटी वाचली, परत बघितलं, मोबाईल काढला, दोन फॉरवर्ड डिलीट केले, तरी पोरगी हलेना. पंधरा मिनिटं! बाहेर आल्यावर म्हणाली, पप्पा तुम्हाला काय वाटलं? मी म्हणालो "छान आहे". तिनं माझ्याकडं असं बघितलं की आमच्या ऑडिटरनं पण कधी असं बघितलं नसेल.

त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या एका खासगी गॅलरीत मी धीर करून विचारलं की मॅडम यात काय दाखवलंय, तर ती बाई गोड हसून म्हणाली, "इट्स नॉट फॉर एव्हरीवन, सर." ते डोक्यात बसलंय.

तर प्रश्न असा की खरंच यात काही असतं का, आणि असलं तर बघायला शिकता येतं का, पंचेचाळिसाव्या वर्षी? मला काही समीक्षक व्हायचं नाहीय. पोरीनं परत विचारलं तर "छान आहे"च्या पुढं दोन वाक्यं बोलता यावीत, एवढंच.

---

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:५१

पहिला मी. पॉपकॉर्न नाहीत, भाजलेल्या शेंगा घेऊन बसलोय. चालू द्या.

---

बाळेकर | रविवार, रात्री ११:०८

हिशोबनीस साहेब, तुम्ही हिशोबाचा माणूस, तुम्हाला कळायला पाहिजे की हा पैशाचा खेळ आहे. २०१९ मधे एकानं भिंतीला केळं चिकटपट्टीनं लावलं आणि १ लाख २० हजार डॉलरला विकलं, तेच केळं (म्हणजे नवीन केळं, आयडिया जुनी) २०२४ च्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं. चित्रकार हुसेनचं एक चित्र २०२५ मधे न्यूयॉर्कला साधारण ११८ कोटीला. आणि आपल्याकडं ट्रॉलीच्या मागं मोर काढणारा पेंटर, ज्याचा मोर बघून लांडोर येईल, तो पाचशे रुपयांसाठी तीन चकरा मारतो. मला सांगा, ह्यात कला कुठंय? पोरीला इंजिनिअरिंगला घाला.

---

चित्रकला_बाई | सोमवार, सकाळी ७:१५

बाळेकर, पोरीला कुठं घालायचं ते हिशोबनीस आणि पोरगी बघतील, धाग्याचा विषय तो नाही :)

मी बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते त्यामुळं सकाळी पहिल्या तासाआधी जेवढं जमेल तेवढं लिहिते. आधी किंमत बाजूला ठेवा. किंमत लिलावात ठरते, चित्र त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. हुसेनचं ते चित्र १९५४ सालचं आहे, तेव्हा त्याला ११८ कोटी कुणी देत नव्हतं. आणि केळं हा प्रकार अगदी अलीकडचा, त्यात वस्तूपेक्षा कल्पना विकतात, त्याच्यावर वेगळा धागा काढून भांडू. हिशोबनीसांनी जे बघितलं ते वेगळं घराणं.

हे सगळं सुरू का झालं ते कळलं की निम्मी भीती जाते. १८३९ मधे फोटोग्राफी लोकांसमोर आली. तोपर्यंत हुबेहूब चेहरा उतरवणं हे चित्रकाराचं पोटापाण्याचं काम, ते एका डब्यानं घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमाराला, १८४१ ला, रंग पिळायच्या ट्यूबमधे मिळायला लागले, त्यामुळं स्टुडिओत बसून रंग घोटायची गरज राहिली नाही, पेटी उचलून नदीकाठी जाता आलं. मग चित्रकार विचार करायला लागले की हुबेहूब काढायचं नाही तर मग काढायचं काय? मोने नावाच्या माणसानं बंदरातली धुक्यातली सकाळ काढली, १८७४ च्या प्रदर्शनात लावली, नाव दिलं 'इम्प्रेशन, सूर्योदय', आणि एका टीकाकारानं चेष्टा म्हणून त्या सगळ्या टोळीलाच इम्प्रेशनिस्ट म्हटलं. चेष्टेचं नाव तेच पुढं इतिहासात गेलं. तेव्हाच्या लोकांना पण ते अर्धवट, घाईत सोडून दिलेलं वाटत होतं, आता तीच चित्रं डेंटिस्टच्या वेटिंग रूममधे असतात.

दुसरं, एकटं चित्र बघू नका, एकाच माणसाची दहा चित्रं सालानुसार लावून बघा. मोंद्रियानची झाडं शोधा. १९०८ च्या आसपासचं लाल झाड अगदी झाड दिसतं, १९११ चं करडं झाड म्हणजे फांद्यांची नुसती कमानी-कमानीची जाळी, आणि पुढं दहा वर्षांत राहतात त्या फक्त आडव्या-उभ्या काळ्या रेषा आणि लाल-निळे-पिवळे चौकोन. शेवटचं एकटं बघितलं तर बाथरूमची टाईल, ओळीनं बघितलं तर एक माणूस झाडातून एकेक गोष्ट काढून टाकत कुठं पोचला ते दिसतं. गायतोंड्यांचंही तसंच, सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, आकृत्या आहेत. हळूहळू गेल्या.

घंटा झाली. बाकी संध्याकाळी.

---

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ९:३०

मोंद्रियानवरून आठवलं, त्याचं एक चित्र ७५ वर्षं उलटं टांगलं होतं ना? २०२२ मधे जर्मनीत कळलं. रंगीत चिकटपट्ट्यांचं आहे, आता सरळ केलं तर पट्ट्या गळून पडतील म्हणून तसंच ठेवलंय म्हणे.

---

बाळेकर | सोमवार, सकाळी ९:३४

😂😂😂 संपला विषय. ७५ वर्षं एकाही तज्ज्ञाला कळलं नाही सरळ कुठलं उलटं कुठलं. धागा बंद करा.

---

ग्राफवाले_काका | सोमवार, दुपारी २:२०

बंद कशाला करताय, आत्ता कुठं मजा यायला लागलीय.

बाळेकर, तुम्ही अंगावर चादर घेताय ना रात्री? तिला वर-खाली कुठलं असतं? निम्म्या डिझाईनना नसतं. पण म्हणून ती चादर कशीही केली तर चालते का? मी पूर्व भागात ३८ वर्षं जेकार्डची, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या मागाची, डिझाईन काढली, ग्राफपेपरवर, हातानं. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, मालक मारवाडी, त्यामुळं शिव्या तिन्ही भाषेत खाल्ल्या. एक चौकोन चुकीचा भरला की कार्डाला भोक चुकीचं पडतं. भोक असलं तर हुक उचलतो, ताण्याचा (उभा) धागा वर येतो, भोक नसलं तर खालीच राहतो, बाणा (आडवा धागा) त्याच्यावरून जातो. बाण्याच्या एकेका धाग्याला एकेक कार्ड. म्हणजे चूक काय लपत नाही, डिझाईन जेवढ्यांदा फिरेल तेवढ्यांदा ती दिसणार. फूल आहे का मोर आहे का नुसते त्रिकोण, ते नंतर. आधी बघायचं ते म्हणजे वजन कुठं पडलंय, मोकळं कुठं सोडलंय, आणि फ्लोट कुठं लांब गेलाय, म्हणजे धागा न अडकता लांबपर्यंत सुटा राहिला की तो पायाच्या नखात अडकणार आणि गिऱ्हाईक चादर परत आणणार.

नवीन पोरगं कामाला आलं की सगळा ग्राफ भरून टाकायचं. त्याला वाटायचं जेवढं जास्त तेवढं भारी. माझ्या गुरूंनी मला पहिली दोन वर्षं फक्त खोडायला लावलं. मोकळी जागा सोडायला छाती लागते ओ.

आता तुमचं गायतोंडे. मी पण बघितलंय, मुलगा मुंबईला आहे त्यानं नेलं होतं. लांबून मला पण तुमच्यासारखंच वाटलं. मग सवयीनं कापड बघतो तसा जवळ गेलो, इतका जवळ की वॉचमन म्हणाला काका मागं. तेव्हा दिसलं की रंग एक नाहीच. खाली हिरवट काहीतरी, त्यावर पिवळा, त्यावर पातळ मातकट, आणि काही ठिकाणी वरचा थर ओला असतानाच उचलून घेतलाय त्यामुळं खालचा आतून उजळतो. ब्रशचा फराटा कुठं सापडेना. नंतर मुलानं सांगितलं की हा माणूस रोलर आणि पॅलेट नाईफ वापरायचा, कागदाचे तुकडे रंगात दाबून उचलायचा, आणि वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा. मला आपली धूपछांव आठवली. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, दुकानदार पदर हलवून दाखवतो तेव्हा तिसराच रंग दिसतो, तो रंग कुठल्याच धाग्यात नसतो. तुम्ही एका मिनिटात बघितलात म्हणजे पदर हलवलाच नाही.

---

हिशोबनीस | सोमवार, दुपारी २:४१

काका, हे वाचून जेवायचं राहिलं. "पदर हलवलाच नाही" हे पोरीला दाखवणार आहे.

---

पुण्यातला_सोलापुरी | सोमवार, रात्री ८:०५

माझा एक आगाऊ मुद्दा. आपण सोलापूरकरांनी "हे कशासारखं दिसतं" असं विचारू नये. सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तैलाभिषेक ६८ लिंगांना होतो. त्या लिंगाला नाक आहे का, डोळे आहेत का? रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या दगडाला चेहरा असतो का? आपण हात जोडतो ना? म्हणजे आकार कशाचं चित्र नसून पण भरलेला असू शकतो हे आपल्याला बारशापासून माहितीय. चित्रकार रझा तर उत्तरायुष्यात बिंदूच काढत राहिला, शाळेत असताना मास्तरांनी त्याला भिंतीवर टिंब काढून त्याच्याकडं बघत बसायला लावलं होतं, लक्ष लागत नव्हतं म्हणून.

---

बाळेकर | सोमवार, रात्री ८:२२

हे मात्र गंडलंय. लिंगापुढं हात जोडतो कारण आजीनं जोडायला शिकवलं, त्यामागं श्रद्धा आहे, गोष्टी आहेत, सिद्धरामेश्वर आहेत. तुमच्या पिवळ्या कॅनव्हासमागं कोण आहे? आजीचा हात धरून कोण जातं तिथं?

---

चित्रकला_बाई | सोमवार, रात्री ९:१०

बाळेकर, आज तुम्ही पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात आणि मला त्याचं उत्तर पटकन सुचत नाहीय. आजी नाही हे खरंच आहे. आमच्या शाळेत आठवीच्या पुस्तकात असेल नसेल एखादं रंगीत चित्र, तेही पोस्टाच्या तिकिटाएवढं. पिकासोचं 'गेर्निका' मी पोरांना मोबाईलवर दाखवते तेव्हा मलाच वाईट वाटतं. १९३७ ला स्पेनमधल्या त्या गावावर बॉम्ब पडले त्याचं चित्र, सगळं काळं-पांढरं-करडं, जवळपास साडेअकरा फूट उंच आणि पंचवीस फूट लांब. म्हणजे आमचा वर्ग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत भरेल. त्यातला घोडा तुमच्या डोक्याच्या वर किंचाळतो, आणि आम्ही तो अंगठ्याच्या नखाएवढा बघून ठरवतो की याला घोडा काढता येत नाही. मी एकदा पोरांकडून वर्गाच्या मागच्या भिंतीवर खडूनं तेवढा चौकोन आखून घेतला, भिंतच पुरली नाही, उरलेलं व्हरांड्यात आखलं. त्या दिवशी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण पोरांना आकार कळला.

तर उत्तर एवढंच की लिंगाकडं बघायला आपण शिकलोय, जन्मतः येत नव्हतं. हेही शिकता येतं. कुणी हात धरून नेलं नाही म्हणून हिशोबनीसांना ती गॅलरीवाली ऐकवून गेली. तिला सांगायला पाहिजे होतं की १९४७ ला मुंबईत जो प्रोग्रेसिव्ह ग्रुप जमला त्यातला हुसेन आपल्या पंढरपूरचा, सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरायचा. आणि त्यातलाच के. एच. आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणी पळून आलेला, मुंबईत घरगडी होता, गाड्या पुसायचा. नॉट फॉर एव्हरीवन म्हणे.

---

संपादक | सोमवार, रात्री ११:५५

हुसेन यांच्यावरून सुरू झालेले नऊ प्रतिसाद उडवले आहेत. तो वाद या संकेतस्थळावर पुरेसा होऊन गेलाय. चित्रांवर बोला.

---

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी १०:०२

नऊ होय? मी आठच वाचले, एक चुकला.

---

ग्राफवाले_काका | मंगळवार, दुपारी ३:१५

हिशोबनीस, व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलंत की सुरुवात कुठून करू, इथंच सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण होईल.

पाटी आधी वाचू नका. डोळे बारीक करून बघा, आम्ही डिझाईन तपासताना करतो तसं, म्हणजे बारकावे जातात आणि गडद-फिकटाचे ठोकळे उरतात. नजर कुठं जाऊन बसते, आणि कुठून बाहेर पळते ते बघा. मग जवळ जाऊन बघा की बाबा केलंय कसं. मग घरी जाऊन आठवणीनं कागदावर चौकोन आखून त्याचं वजन मांडायचा प्रयत्न करा, वाईट येईल, येऊ द्या. जिथं आठवणार नाही तिथं तुम्ही बघितलंच नव्हतं. आणि आवडलं नाही तर नाही म्हणा. मला रझाचे बिंदू फारसे भिडत नाहीत, पुण्यातला_सोलापुरी माफ करा, मला ते फार गुळगुळीत वाटतात. पण नसरीन मोहम्मदी म्हणून एक बाई होत्या (१९३७ ते १९९०, बडोद्याला शिकवायच्या), त्यांनी पेन्सिल आणि शाईच्या नुसत्या बारीक रेषा मारल्यात, काही तर ग्राफपेपरवर. मुलानं पुस्तकात दाखवलं तेव्हा माझा घसाच दाटला. ३८ वर्षं मी त्याच कागदावर चौकोन भरले, गिऱ्हाइकासाठी. ह्या बाईनं कुणासाठीच काही न भरता नुसता ताण दाखवलाय. माग चालू व्हायच्या आधी ताणा जसा ओढून उभा असतो तसा.

प्रभाकर बरवे पण बघा. १९६० च्या दशकात ते बनारसच्या विणकर सेवा केंद्रात डिझाईनचं काम करायचे, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. घड्याळ, पान, किल्ली असल्या साध्या वस्तू, आणि रंग म्हणाल तर दाराला मारतो तो इनॅमल. 'कोरा कॅनव्हास' त्यांनी मराठीतच लिहिलंय, इंग्रजीची भीती असेल तर तिथून सुरू करा.

---

हिशोबनीस | रविवार, सकाळी ११:३०

मंडळी, उशीर झाला, जीएसटीचा आठवडा होता.

काकांनी सांगितलेलं करून बघितलं, पण चित्र कुठलं आणायचं, म्हणून घरातलीच चादर घेतली. मयूरपंखाची, लग्नातली, वीस वर्षं वापरून मऊ पडलेली. हॉलच्या भिंतीला दोन खिळ्यांवर लावली आणि खुर्ची टाकून बसलो. बायको म्हणाली "आता काय करलालाव ओ, वाळत घालायचीय ती". पहिली तीन मिनिटं नुसती चादरच दिसली. मग डोळे बारीक केले तर मोरपिसं गेली आणि तिरक्या पट्ट्या दिसायला लागल्या, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणाऱ्या, ज्या मी वीस वर्षं पांघरून कधी बघितल्या नव्हत्या. पोरगी येऊन शेजारी बसली. तिनं उठून चादर उलटी केली, तर मागच्या बाजूला सगळे रंग उलट. पुढं जे मरून ते मागं पांढरं. तेच डिझाईन, पण आता पिसं नाहीत, पिसांच्या मधली जागाच पुढं आलेली. मी म्हणालो, अगं ही बाजू जास्त चांगलीय. ती म्हणाली, का?

आणि मला सांगता आलं ओ. नीट नाही, अडखळत, पण दोन नाही, चार-पाच वाक्यं झाली असतील. म्हणालो की पुढून सगळं भरलंय, नजरेला बसायला जागा नाही, मागून मधे मधे श्वास घेता येतो. ती म्हणाली, गायतोंडेसमोर पण मला तेच झालं होतं, फक्त तिथं श्वास घ्यायचीच जागा होती, बाकी काही नव्हतं, म्हणून मी थांबले. मग खालच्या कोपऱ्यात तिला एक चूक सापडली, एका पिसाचा डोळा अर्धाच आहे. काका, तुमच्या हातची तर नाही ना?

---

ग्राफवाले_काका | रविवार, दुपारी १२:१०

फोटो टाका. सगळ्या रांगेत आहे का एकाच ठिकाणी? सगळीकडं असेल तर ग्राफवाल्याची चूक, एकाच ठिकाणी असेल तर धागा तुटला होता, मागवाला झोपला होता.

---

हिशोबनीस | रविवार, दुपारी १२:१६

एकाच ठिकाणी.

---

ग्राफवाले_काका | रविवार, दुपारी १२:१७

मग मी सुटलो.

---

बाळेकर | रविवार, दुपारी १२:४५

मी काल रात्री आईच्या ट्रंकेतली चादर काढून उलटी करून बघितली, कुणाला सांगू नका. पटलं काहीच नाहीय. केळ्याचं तर अजिबात नाही. पण पुढच्या वेळी मुंबईचं तिकीट काढाल तेव्हा मला सांगा, येतो, बघतो काय भानगड आहे ती. पुढच्या महिन्यात सोमवारी सुट्टी टाकता येईल.

---

चित्रकला_बाई | रविवार, दुपारी १:०२

सोमवारी एनजीएमए बंद असतं. शनिवारी रात्री निघा, रविवारी बघा.

---

शेंगाचटणी | रविवार, दुपारी १:०५

चार तिकिटं काढा. चटणी माझ्याकडं लागली, कडक भाकरी कुणीतरी आणा.